तांब्याच्या संग्रहात एक अमेरिकी सेंट: निवड, पारख आणि नागपूरच्या हवेतील जपणूक

नागपूर आणि विदर्भातील जुन्या नाणेसंग्रहांचा पाया बहुधा तांब्याचाच असतो. शिवराई, भोसलेकालीन पैसे, ईस्ट इंडिया कंपनीचे पाव आणे व अर्धे आणे आणि व्हिक्टोरिया राणीच्या छापाचे पाव आणे एवढे साहित्य थोड्या वर्षांत सहज जमते. त्यानंतर मात्र संग्रहाची संख्या वाढते आणि दर्जा जागच्या जागी राहतो, कारण त्याच प्रकारची, तितकीच झिजलेली नाणी पुन्हा पुन्हा येत राहतात. अशा वेळी संग्रह एक पायरी वर न्यायचा असेल, तर अमेरिकेच्या आरंभीच्या काळातील तांब्याचे एक नाणे, विशेषतः १७९३ ते १८५७ या काळातील ‘मोठा सेंट’ (सेंट म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग), घेण्याचा विचार अवश्य करावा. ते घेताना काय पाहावे, कसे मागवावे आणि आपल्या हवेत कसे टिकवावे, हे येथे क्रमाने सांगत आहे.

हेच नाणे का, याचे उत्तर त्याच्या वजनात आणि इतिहासात आहे. २ एप्रिल १७९२ च्या कायद्याने अमेरिकेची टाकसाळ फिलाडेल्फिया येथे स्थापन झाली आणि १७९३ मध्ये तेथे तांब्याचे सेंट व अर्धे सेंट पाडले जाऊ लागले. आरंभी सेंटचे वजन २०८ ग्रेन, म्हणजे सुमारे १३.४८ ग्रॅम होते. तांबे महागल्यामुळे १७९५ च्या अखेरीस ते १६८ ग्रेनवर, म्हणजे १०.८९ ग्रॅमवर आणले गेले आणि पुढे १८५७ पर्यंत तेच कायम राहिले. कंपनीचा १८३५ चा पाव आणा सुमारे ६.४८ ग्रॅमचा आणि अर्धा आणा सुमारे १२.९५ ग्रॅमचा आहे. १७९५ नंतरचा मोठा सेंट वजनाने या दोहोंच्या मधला असल्यामुळे कंपनीचे तांबे हाताळलेल्या माणसाला तो परका वाटत नाही.

याहून जवळचा धागा बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टन यांच्या सोहो कारखान्यातून येतो. मुंबई इलाख्यासाठी कंपनीने १७९१ आणि १७९४ मध्ये जी तांब्याची नाणी पाडून घेतली, ज्यांच्या एका बाजूस कंपनीचे व्यापारचिन्ह आणि दुसऱ्या बाजूस तराजू व त्याच्या पारड्यांमध्ये ‘अदल’ (न्याय) हा शब्द आहे, ती याच कारखान्यात वाफेच्या यंत्रांवर तयार झाली. फिलाडेल्फियाची टाकसाळ १७९७ पासून आपल्या सेंटसाठी लागणाऱ्या कोऱ्या चकत्या याच बोल्टन यांच्याकडून मागवू लागली. म्हणून ज्याच्याकडे तराजू छापाचा मुंबईचा पैसा आहे, त्याने त्याच्या शेजारी १७९८ ते १८०७ मधला एक सेंट ठेवला, तर एकाच कारखान्याचे काम दोन महासागरांपलीकडे कसे गेले हे केवळ दोन नाण्यांतून दाखवता येते. माझ्या मते संग्रहाचा दर्जा वाढवणे म्हणजे हेच. महागडे नाणे आणून कोपऱ्यात ठेवण्याने तो वाढत नाही. नव्या नाण्यामुळे आधीच्या नाण्यांचे मोल कळू लागले पाहिजे.

कोणता सेंट निवडावा

मोठ्या सेंटचे मुख्य प्रकार मोजकेच आहेत. १७९३ चा पहिला सेंट ‘साखळीचा सेंट’ म्हणून ओळखला जातो. त्याच्या मागील बाजूस पंधरा कड्यांची साखळी आहे, तो फक्त ३६,१०३ इतकाच पाडला गेला आणि आज झिजलेल्या अवस्थेतही त्याला हजारो डॉलर पडतात. त्याच वर्षीचा पुष्पमाळेचा सेंट आणि १७९३ ते १७९६ चा टोपीधारी स्वातंत्र्यदेवतेचा सेंट हेही पहिल्या खरेदीसाठी योग्य नाहीत. यांत पैसा फार गुंततो आणि पारख करण्याइतकी नजर अजून तयार झालेली नसते.

१७९६ ते १८०७ चा वस्त्रांकित अर्धप्रतिमेचा सेंट मला या सर्वांत अधिक आवडतो. खोदकार रॉबर्ट स्कॉट यांच्या या नाण्यावर मोकळ्या केसांना फीत बांधलेली देवता आहे आणि मागील बाजूस पुष्पमाळेखाली ‘१/१००’ हा अपूर्णांक आहे. १८०१ च्या काही नाण्यांवर खोदकाराच्या चुकीने तो ‘१/०००’ असा पडला आहे. त्यांतल्या एका ठशात तर या चुकीखेरीज पुष्पमाळेचा एक देठ राहून गेला आहे आणि ‘युनायटेड’ या शब्दातील पहिले अक्षर दोन उभ्या दांड्यांसारखे दिसते. या मालिकेतील १८०२ आणि १८०३ ही वर्षे प्रत्येकी तीस लाखांहून अधिक संख्येने पाडली गेल्यामुळे तुलनेने सहज मिळतात. पहिल्या खरेदीसाठी हीच वर्षे पाहावीत.

१८०८ ते १८१४ च्या सेंटचे शिल्प जॉन राइख यांचे आहे आणि ते देखणे आहे. परंतु त्या काळातील तांबे मऊ होते, त्यामुळे ही नाणी बहुधा काळवंडलेली आणि खरबरीत पृष्ठभागाची मिळतात. चांगले मिळाले तर ते भाग्यच समजावे, पण ते शोधण्यासाठी दीर्घ धीर हवा. इंग्लंडशी झालेल्या युद्धामुळे चकत्यांची आवक थांबली आणि १८१५ या सालाचा सेंट पाडलाच गेला नाही. १८१६ पासूनचे, विशेषतः १८३९ ते १८५७ चे वेणीधारी प्रतिमेचे सेंट मात्र मुबलक आहेत. एकट्या १८५१ मध्ये सुमारे ९९ लाख पाडले गेले. अंदाजपत्रक मर्यादित असेल, तर या शेवटच्या गटातील एक नितळ नाणे घ्यावे. त्याने बोल्टनचा धागा तितका थेट जुळणार नाही, पण कंपनीच्या १८३५ च्या पाव आण्याशेजारी ते समकालीन म्हणून उत्तम शोभते.

अर्ध्या सेंटबद्दल थोडक्यात एवढेच, की तो आकाराने पाव आण्यापेक्षाही लहान, सुमारे २३.५ मिलिमीटर व्यासाचा आहे आणि त्याची अनेक वर्षे एकूण दुर्मीळतेच्या मानाने स्वस्त आहेत. १७९५ आणि १७९७ चे काही अर्धे सेंट न्यूयॉर्कच्या एका व्यापारी पेढीच्या तांब्याच्या टोकनांना कापून पाडले गेले, आणि कधी कधी त्यांवर मूळ टोकनाची पुसट अक्षरे दिसतात. नजर तयार झाल्यावर हा भाग स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगा आहे.

पृष्ठभाग आधी, ठसा नंतर

भारतीय तांब्याची नाणी घेताना आपण बहुधा अक्षरे किती वाचता येतात, हे पाहतो. टाकसाळीचे नाव किंवा हिजरी सन चकतीवर बसला असेल, तर पृष्ठभाग थोडा खराब असला तरी आपण समाधानी असतो, आणि शिवराईसारख्या नाण्याच्या बाबतीत ते योग्यही आहे. अमेरिकी तांब्याच्या बाजारात हा क्रम उलटा आहे. तेथे केसांच्या बटा स्पष्ट असलेले, पण सूक्ष्म छिद्रांनी भरलेले नाणे मागे पडते. त्याऐवजी बटा झिजलेल्या असल्या तरी चॉकलेटी रंगाचा गुळगुळीत, एकसंध पृष्ठभाग असलेले नाणे अधिक मान मिळवते. संग्रहाचा दर्जा वाढवू पाहणाऱ्याने सर्वप्रथम हा नियम अंगी बाणवावा.

दर्जा मोजण्यासाठी १ ते ७० अशी श्रेणी वापरतात. विल्यम शेल्डन यांनी ती १९४९ मध्ये मोठ्या सेंटसाठीच मांडली आणि पुढे ती सर्व अमेरिकी नाण्यांना लागू झाली. ‘अर्ली अमेरिकन कॉपर्स’ या १९६७ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे सदस्य तांब्यासाठी याहून काटेकोर पद्धत वापरतात. ते आधी ठशाची स्पष्टता ठरवतात, मग गंज, ओरखडे, कडेवरचे ठोके यांसाठी वजावट करून निव्वळ दर्जा सांगतात. उदाहरणार्थ, स्पष्टतेने ‘व्हीएफ-२०’ (व्हेरी फाइन, श्रेणीतला आकडा २०) असलेले, पण खरबरीत पृष्ठभागाचे नाणे निव्वळ ‘व्हीजी-८’ (व्हेरी गुड, आकडा ८) ठरू शकते. विक्रेता कोणता आकडा सांगत आहे, हे विचारल्याशिवाय किंमत मान्य करू नये, कारण या दोन आकड्यांत किमतीचा मोठा फरक पडतो.

नाणे हातात आल्यावर ते फक्त कडेने धरून एकाच बाजूने येणाऱ्या प्रकाशात हळूहळू फिरवावे. छतावरच्या ट्यूबलाइटखाली सर्वच तांबे चांगले दिसते. उत्तरेच्या खिडकीजवळचा सकाळचा प्रकाश किंवा टेबलावरचा एकच दिवा अधिक खरे सांगतो. दहापट भिंगातून देवतेच्या गालावर आणि तारखेच्या अंकांमधल्या मोकळ्या जागेत पाहावे. झीज असेल तर उंच भाग सपाट व मऊ दिसतो आणि खालची जमीन गुळगुळीत राहते. गंज असेल तर अंकांच्या पायथ्याशी, अक्षरांच्या आतल्या कोपऱ्यांत बारीक काळे टिपके किंवा हिरवट दाणे दिसतात. हा कळंक वरवरचा आहे की आत खोल गेला आहे, हे तेथेच ठरते. नाण्यावर एकसारखी गुलाबी-केशरी चमक असेल, पण ठसा झिजलेला असेल, तर नाणे घासले किंवा रासायनिक रीतीने उजळले आहे, असे समजावे. चलनात फिरून झिजलेल्या तांब्यावर मूळ लाली उरत नाही. घासून मग पुन्हा काळे केलेल्या नाण्याचा रंग बहुधा अक्षरांभोवतीही तितकाच सपाट आणि निर्जीव असतो.

खऱ्या-खोट्याची पारख

मोठ्या सेंटच्या नकला फार जुन्या काळापासून होत आल्या आहेत आणि आता ठशांनी पाडलेल्या आधुनिक नकलाही बाजारात आहेत. पहिली चाचणी वजनाची आहे. इतवारीच्या सराफ्यात सोने तोलण्यासाठी जे इलेक्ट्रॉनिक काटे वापरतात, तसा शतांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घरी ठेवावा. १७९६ नंतरचा सेंट झिजल्यामुळे १०.८९ ग्रॅमपेक्षा थोडा हलका असणे स्वाभाविक आहे, पण बराच कमी किंवा उघडपणे जास्त भरला तर तेथेच थांबावे. नाणे चुंबकाला चिकटत असेल, तर आत लोखंड आहे. त्यानंतर कड पाहावी. ओतीव नकलेला कडेभोवती जोडाची रेघ असते आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांसारखी बारीक छिद्रे असतात. एकोणिसाव्या शतकातील विद्युतलेपनाने केलेल्या प्रतिकृती दोन पातळ कवच जोडून बनवलेल्या असतात, त्यामुळे त्यांच्याही कडेवर शिवण दिसते आणि आवाज बद्द येतो.

ठशांनी पाडलेल्या नकला अधिक फसव्या असतात. त्या एखाद्या खऱ्या नाण्यावरून तयार केलेल्या असल्यामुळे त्या मूळ नाण्यावरचा ओरखडा किंवा ठोका प्रत्येक नकलेवर त्याच जागी येतो. म्हणून लिलावगृहांच्या जुन्या छायाचित्रांशी तुलना करावी. दोन वेगवेगळ्या नाण्यांवर गालावरची तीच खूण त्याच जागी आढळली, तर दोन्ही संशयास्पद आहेत.

दुर्मीळ वर्षांच्या बाबतीत तारीख कोरून बदलण्याचा प्रकार चालतो. १७९९ हे या मालिकेतील सर्वांत दुर्मीळ वर्षांपैकी एक असल्यामुळे १७९८ च्या नाण्यातील ८ खरवडून ९ केला जातो. १८०४ ची ओळख मात्र एका सुंदर खुणेने होते. त्या वर्षीचे सर्व खरे सेंट ठशांच्या एकाच जोडीतून पडले आणि त्यांत तारखेतला ० हा अंक मागील बाजूवरील ‘ऑफ’ या शब्दातील ओ या अक्षराच्या बरोबर पाठीमागे येतो. हे जुळत नसेल, तर नाण्याकडे पुन्हा पाहण्याचीही गरज नाही. १८०४ ची एक खाजगी पुनर्निर्मितीही आहे, जी टाकसाळीने पाडलेली नाही.

पहिल्या खरेदीसाठी पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थांच्या सीलबंद डबीतील प्रमाणित नाणे घ्यावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. डबीवर आकड्याऐवजी ‘डिटेल्स’ असे लिहिले असेल, तर नाणे खरे आहे, पण त्यात गंज, सफाई किंवा अन्य दोष आहे, असा त्याचा अर्थ होतो. डब्यांच्याही नकला होत असल्यामुळे डबीवरचा क्रमांक संबंधित संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून तेथील छायाचित्र प्रत्यक्ष नाण्याशी ताडून पाहावे.

नजर तयार करण्यासाठी पैसे खर्च करण्याची गरज नाही. सिव्हिल लाइन्समधील मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या १८६३ च्या अजब बंगल्यात, जुन्या नाण्यांकडे केवळ रंग आणि पृष्ठभाग या दोनच दृष्टींनी पाहत एक दुपार घालवावी. त्यानंतर घरातील स्वतःचे पाव आणे काढून भिंगाखाली त्याच पद्धतीने तपासावेत. तांबे सर्वत्र सारखेच जुने होते, त्यामुळे हा सराव वाया जात नाही.

परदेशातून मागवताना

नागपूरच्या संग्राहकाने येथे एक गोष्ट आधीच ध्यानात घेतली पाहिजे. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ मधील पुरावस्तूच्या व्याख्येत शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांचा उल्लेख आहे आणि अशा वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. नाणे अमेरिकेचे असले तरी ते एकदा भारतात आले की परत पाठवण्याचा प्रश्न गुंतागुंतीचा होतो. म्हणून ‘आधी मागवू, नाही आवडले तर परत करू’ किंवा ‘आल्यावर प्रमाणित करण्यासाठी अमेरिकेला पाठवू’ असा बेत करू नये. प्रमाणपत्र, दोन्ही बाजूंची आणि कडेची मोठी छायाचित्रे, वजन आणि व्यास हे सर्व नाणे तेथून निघण्यापूर्वीच मागून घ्यावे. विक्रेता कडेचे छायाचित्र द्यायला टाळाटाळ करत असेल, तर तो सौदा सोडून द्यावा.

मूल्य खरे जाहीर करावे. ‘भेटवस्तू’ असे लिहून किंवा किंमत कमी दाखवून पार्सल पाठवण्यास विक्रेत्याला सांगू नये, कारण सीमाशुल्क विभागाने ते अडवल्यास नाणे आणि विमा दोन्ही हातचे जातात. जुन्या संग्राह्य नाण्यांचे शुल्क कोणत्या वर्गात मोडते, हे सीमाशुल्क सल्लागाराकडून आधी समजून घ्यावे आणि ती रक्कम धरूनच अंदाजपत्रक आखावे. मूळ बिल जन्मभर जपावे. भारतातील नाणी प्रदर्शनांत किंवा जाणकार विक्रेत्यांकडे अमेरिकी सेंट अधूनमधून येतात. तेथे पर्याय कमी असतात, पण नाणे हातात घेऊन पाहता येते आणि सीमेचा प्रश्नच उरत नाही.

घरी आल्यावर

सर्वांत मोठा धोका आपल्याच स्वयंपाकघरात असतो. देवघरातील तांब्या-पंचपात्र चिंच, लिंबू-मीठ किंवा पितांबरीने लखलखीत करण्याची आपल्याकडे रीत आहे आणि भांड्यांसाठी ती योग्यच आहे. नाण्यावर मात्र यांतले काहीही लावू नये. आम्ल दोनशे वर्षांत बसलेला चॉकलेटी थर क्षणात काढून टाकते आणि तो कोणत्याही उपायाने परत येत नाही. घरातील ज्येष्ठांना आणि मदतनीसांना हे आधी सांगून ठेवावे, कारण नाणी चांगल्या हेतूनेच घासली जातात.

नाण्यावर प्लास्टिकच्या जुन्या पाकिटामुळे आलेला चिकट हिरवा थर असेल, तर शुद्ध ॲसिटोन काचेच्या वाटीत घेऊन नाणे त्यात बुडवून ठेवावे आणि न घासता काढून हवेत वाळू द्यावे. हे काम खिडकी उघडी ठेवून, गॅस व दिव्यापासून दूर करावे. नखांचे पॉलिश काढण्याचे द्रव वापरू नये, कारण त्यात सुगंध व तेल मिसळलेले असते. धातूत रुतलेला कळंक घरी काढण्याचा प्रयत्न करू नये.

नागपूरच्या हवेत दोन काळ जपावे लागतात. पावसाळ्यातील दमटपणा सर्वांना ठाऊक आहे, पण उन्हाळ्यातील धोका लक्षात येत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, बाहेरची हवा कोरडी असते, पण आपण वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावून बंद खोलीत सतत ओलावा भरत असतो. कूलर ज्या भिंतीला आहे, त्याच भिंतीला लागून नाण्यांचे कपाट असेल, तर तांब्यावर काळे-हिरवे ठिपके उन्हाळ्यातच पडू लागतात. नाणी कूलरच्या खोलीत ठेवूच नयेत. एसीची किंवा साधी पंख्याची खोली अधिक सुरक्षित आहे. घट्ट झाकणाच्या डब्यात रंग बदलणारे सिलिका जेल ठेवावे, त्याचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरावे, आणि डब्यात एक छोटे आर्द्रतामापक यंत्र असावे.

मऊ पीव्हीसीच्या पानांचे अल्बम तांब्याचे शत्रू आहेत. त्यांऐवजी पॉलिएस्टरची कडक पाकिटे किंवा आम्लमुक्त कागदाची पाकिटे घ्यावीत. प्रमाणित डबी उघडू नये. रबरबँडमधील गंधक तांबे काळे करते, आणि नव्या प्लायवूडच्या पेट्यांतून निघणारी आम्लयुक्त वाफही त्रासदायक ठरते, म्हणून लोखंडी कपाट बरे. त्या कपाटात डांबराच्या गोळ्या मात्र ठेवू नयेत.

नोंदवहीत नव्या सेंटसाठी स्वतंत्र पान राखावे. त्यावर वर्ष, प्रकार, प्रमाणपत्र क्रमांक, वजन, व्यास, विक्रेता, दिनांक, शुल्कासह एकूण खर्च आणि नाणे आले त्या दिवशी घेतलेली छायाचित्रे असावीत. दर पावसाळ्यानंतर तेच छायाचित्र त्याच प्रकाशात पुन्हा घेऊन तुलना करावी. नवा ठिपका आढळला, तर डब्यातील आर्द्रता आणि पाकीट दोन्ही त्याच आठवड्यात बदलावे. या नव्या नाण्यामुळे संग्रहातून जी दुय्यम नाणी बाहेर काढायची असतील, ती नवे नाणे प्रत्यक्ष शेजारी ठेवून तपासल्याशिवाय विकू नयेत. विकताना त्यांवर कधी घासल्याची खूण किंवा कळंक असेल, तर ते चिठ्ठीवर लिहून द्यावे, म्हणजे नव्याने सुरुवात करणाऱ्या संग्राहकाला त्याची योग्य किंमत ठरवता येईल.